ट्रंपेट कोणी वाजवला?

दोस्तहो, आज रात्री जेवताना घरात एक छोटासा खेळ खेळून बघा. आई-बाबांना विचारा, ‘१९७७ सालच्या “अमर अकबर अँथनी”त अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि गाण्यात आपलं नाव सांगतो. ते नाव काय?’ एका सेकंदात उत्तर येईल, ‘अँथनी गोन्साल्विस!’ गायलं कोणी? किशोरकुमार. संगीत कोणाचं? लक्ष्मीकांत-प्यारेलाल. शाब्बास, पैकीच्या पैकी मार्क!

आता हळूच शेवटचा प्रश्न टाका, ‘आणि खरा अँथनी गोन्साल्विस कोण?’

बघा, आमटीच्या वाटीत चमचा तसाच राहील.

तर मंडळी, अँथनी गोन्साल्विस नावाचा खराखुरा माणूस होता, बरं का! १९२७ साली गोव्यातल्या माजोर्डा गावात जन्मलेला, व्हायोलिन वाजवणारा, मुंबईच्या हिंदी सिनेमांतल्या शेकडो वाद्यांची स्वरलिपी लिहिणारा. प्यारेलाल यांनी लहानपणी त्याच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले होते. पुढे संगीतकार झाल्यावर त्यांनी आपल्या गुरुजींचं नाव त्या गाण्यात घातलं. गंमत बघा, त्या नावावर सगळा देश नाचला, पण ते नाव धारण करणारा माणूस मात्र जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हता. २०१२ साली तो गोव्यात वारला.

आज आपण ज्या संगीताची ओळख करून घेणार आहोत, त्यात असं होत नाही. तिथे वाजवणाराच राजा असतो. त्या संगीताचं नाव जॅझ. आणि त्याच्या दोन जवळच्या नातेवाइकांची नावं सोल आणि फंक.

टाळी कुठे द्यायची?

‘जॅझ म्हणजे परदेशी गोंगाट!’ असं कोणी म्हणालं, तर थांबा. आधी ते आहे तरी काय ते बघू.

अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना गुलाम म्हणून राबवलं गेलं. त्यांच्या मुला-नातवंडांनी शेतावरची कामाची गाणी, चर्चमधली भजनं आणि लष्करी बँडची वाद्यं एकत्र केली, आणि सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात जॅझ जन्माला आलं. १९१७ साली त्याची पहिली तबकडी निघाली.

तुम्ही शास्त्रीय गाणं शिकत असाल, तर जॅझ समजायला पाच मिनिटं पुरेत. आपल्याकडे आधी बंदिश मांडतात आणि मग गायक आलाप, ताना घेत आपल्या मनानं ती फुलवतो. जॅझमध्येही आधी सगळे मिळून एक धून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्याच धुनेवर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. काल वाजवलं तसं आज नाही, आज वाजवलं तसं उद्या नाही. शेवटी सगळे पुन्हा मूळ धुनेवर परत.

फरक तालात आहे. करून बघा. एक-दोन-तीन-चार असं सारख्या गतीनं मोजा. आपला हात आपोआप ‘एक’ आणि ‘तीन’वर टाळी देतो ना? आता टाळी ‘दोन’ आणि ‘चार’वर द्या. बघा, अंग डोलायला लागलं! जॅझची लय अशी झुलते.

सोल म्हणजे चर्चमधल्या गाण्याचा जीव ओतणारा सूर, पण शब्द रोजच्या सुखदुःखाचे. आणि फंक? १९६० च्या दशकात जेम्स ब्राऊन नावाच्या अमेरिकन गायकानं आपल्या बँडला बजावलं, की सगळा जोर पहिल्या मात्रेवर हवा. इतर मात्रांवर काय हवा तो धुडगूस घाला, पण ‘एक’ला सगळे एकत्र! तबला शिकणारी मुलं आता हसत असतील. कारण आपण त्याला म्हणतो सम!

चितळकरांचा ट्रंपेटवाला

जॅझ मुंबईत आलं बोटीनं. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. ते ऐकणारे होते साहेब लोक, राजेरजवाडे आणि शहरातले धनिक. पण ते वाजवायला सगळ्यांत आधी शिकले कोण? गोव्याहून आलेले तरुण. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत असत. त्यामुळे कागदावरचे सूर ही मुलं आपण वर्तमानपत्र वाचावं तशी वाचत.

त्यातलाच एक आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव आल्दोना. ट्रंपेट असा वाजवायचा, की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. त्याचं मंचावरचं नाव ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटेल. चिक चॉकलेट!

रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत, अशी या मंडळींची नोकरी. संगीतकार चाल सांगे, गोव्याचा वादक ती स्वरलिपीत उतरवी आणि कुठल्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं ते ठरवी. चिक चॉकलेटची जोडी जमली ती आपल्या मराठी माणसाशी. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. लता मंगेशकरांनी १९६३ साली दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलेलं, शहिदांची आठवण करून देणारं, दर २६ जानेवारीला तुमच्या शाळेत लागणारं ते गाणं त्यांचंच. आणि १९५१ साली भगवानदादांच्या ‘अलबेला’त सगळ्या महाराष्ट्राला नाचवणारं संगीतही त्यांचंच. त्या सिनेमात चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार चक्क पडद्यावर दिसतात. शोधा बरं!

म्हणजे बघा, आजोबा ज्या गाण्यावर भगवानदादांसारखे हात हलवत नाचतात, त्यात जॅझ आहे. ‘परदेशी गोंगाट’ आपल्याच घरात सत्तरहून अधिक वर्षं पाहुणचार घेतोय!

फक्त एकच वाईट झालं. सिनेमाच्या पाटीवर आणि तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं येत. वाजवणारे पन्नास-साठ जण मात्र बहुधा बिननावाचे राहत. गाण्याचा निम्मा जीव ज्यांच्या फुंकरीत होता, त्यांची नोंदच नाही.

वर्सोव्यापर्यंत एक बाजू

म्हणूनच आज काही अल्बम सुचवतोय. काही नवे, काही जुने. सगळ्यांचा धागा मुंबईशी जुळलेला आणि सगळ्यांत वादकांची नावं सापडणारी. पण आधी ऐकायचं कसं ते ठरवू.

पूर्वी लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावायचं. मग उठायचं, तबकडी उलटायची आणि पुन्हा बसायचं. आता घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो आठवा. २०१४ साली सुरू झालेली, बारा स्टेशनांची. तिला किती वेळ लागतो? साधारण एकवीस मिनिटं! म्हणजे घाटकोपरहून निघालात की वर्सोव्याला तबकडीची एक बाजू संपते आणि येताना दुसरी. मुलुंडची मंडळी घाटकोपरला गाडी बदलतील, बोरिवलीची अंधेरीला. मेट्रोत जायचं नसेल, तर घरी पंखा लावून पडा. पण नियम एकच. मध्येच गाणं पुढे ढकलायचं नाही! (आणि रस्त्यावरून, फलाटावरून चालताना कानात काहीही घालायचं नाही. हे आई-बाबांच्या वतीनं आम्हीच सांगून टाकतो.)

चला, ऐकू या.

राग जॅझ स्टाइल (१९६८). शंकर-जयकिशन हे सिनेमाचे संगीतकार, पण या तबकडीत एकही सिनेमा नाही आणि गाण्याचे शब्दही नाहीत. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, शिवरंजनी, भैरवी असे अकरा राग, आणि प्रत्येक राग जॅझच्या थाटात. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो. शंकर-जयकिशनच्या सिनेमांत ज्यांचं वादन आपण ऐकलं, ती ही मंडळी इथे आपापल्या नावानिशी भेटतात. तुकडे छोटे आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करा. तुम्हाला जो राग येतो, तो आधी लावा आणि सॅक्सोफोन त्या रागात कुठून शिरतो ते पकडा.

शक्ती (१९७६). जॉन मॅक्लॉग्लिन हा इंग्लंडचा गिटारवादक. माहीमच्या शाळेत शिकलेला झाकीर हुसेन तबल्यावर. एल. शंकर व्हायोलिनवर आणि टी. एच. विनायकराम घटमवर. घटम म्हणजे काय? मातीचं मडकं! ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेतल्या एका कॉलेजात झालेली ही मैफल तशीच्या तशी तबकडीवर उतरवली. यातला पहिला तुकडा ‘जॉय’, म्हणजे आनंद, अठरा मिनिटांचा आहे. घाटकोपरला सुरू करा आणि अंधेरी ओलांडेपर्यंत श्वास रोखून बसा. गिटार आणि व्हायोलिन एकमेकांचा पाठलाग करतात, मध्येच मडकं बोलायला लागतं. पळापळीचा खेळ म्हणून ऐकलंत तरी चालेल.

आशा पुथली. हिचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण अमेरिकेतल्या रॅप करणाऱ्यांनी ऐकलंय! १९४५ साली मुंबईत जन्मलेली ही मुलगी हिंदुस्थानी गाणं शिकली, पाश्चात्त्य गायनही शिकली, विमानात हवाई सुंदरी झाली आणि नृत्याची शिष्यवृत्ती मिळवून न्यू यॉर्कला पोचली. १९७१ साली ऑर्नेट कोलमन या जॅझमधल्या बंडखोर वादकानं आपल्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी तिला बोलावलं. त्यातली दोन गाणी तिनं म्हटलीत. तो अल्बम थोडा अवघड आहे, कॉलेजात गेल्यावर ऐका. आत्ता ऐका १९७६ चा ‘द डेव्हिल इज लूज’. त्यात ‘स्पेस टॉक’ नावाचं गाणं आहे. खालून बेस गिटार मांजरीच्या पावलांनी चालते आणि वर तिचा आवाज तरंगतो. १९९७ साली एका गाजलेल्या अमेरिकन रॅप अल्बमनं या गाण्याचा तुकडा उचलून वापरला. सोल आणि फंक यांची चव एकाच घासात घ्यायची असेल, तर हा घास घ्या.

टेन रागाज टू अ डिस्को बीट (१९८२). डिस्को हे सोल आणि फंकचंच धाकटं भावंड. चरणजित सिंग हे मुंबईतल्या सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणली आणि ठरवलं, या यंत्रांवर दहा राग वाजवायचे. एकट्यानं! तबकडी निघाली, पण फारशी कोणी विचारली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या काही तरुणांनी त्यातलंच एक यंत्र वापरून नवं नृत्यसंगीत काढलं आणि ते जगभर गाजलं. पुढे नेदरलँड्समधल्या एका हौशी संग्राहकाला भारतातल्या दुकानात ही जुनी तबकडी सापडली. तो चाटच पडला. हे तर त्या तरुणांच्या आधीचं! २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरचे चरणजित सिंग युरोपात जाऊन तरुण पोरांसमोर वाजवून आले. २०१५ साली ते वारले. कल्पना करा, तो संग्राहक त्या दिवशी दुकानात शिरलाच नसता तर?

उस्फ्रेट (१९८८). ठुमरीगायिका शोभा गुर्टू बेळगावच्या. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबईचा, १९५१ चा. तबला शिकला आणि जॅझच्या ड्रम्सकडे वळला, पण ड्रम्सही जमिनीवर बसून वाजवू लागला! शिवाय त्याच्याजवळ पाण्याची बादली असते. शंखशिंपल्यांची माळ वाजवता वाजवता तो पाण्यात बुडवतो आणि आवाज कसा वाकतो बघा! या अल्बममध्ये तो आईला घेऊन आला. पहिल्याच तुकड्याचं नाव आहे ‘शोभारॉक’. मुलाचे ड्रम्स आणि आईची ठुमरीतली तयारी. घरात आईला ‘ए आई, हे ऐक ना’ म्हणायला याहून चांगलं काही नाही.

धिस मोमेंट (२०२३). आता ताजी हवा! सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या ‘शक्ती’चाच हा नवा अवतार. गिटार मॅक्लॉग्लिनचं, तबला झाकीरभाईंचा, गाणं आपल्या चेंबूरच्या शंकर महादेवनचं, व्हायोलिन गणेश राजगोपालन यांचं. आणि तालवाद्यांवर कोण? सेल्वगणेश, म्हणजे त्या मडकेवाल्या विनायकरामांचा मुलगा. १९७६ चा अल्बम आणि हा अल्बम लागोपाठ ऐका, बाप आणि लेक दोघांशी ओळख होईल. पहिला तुकडा ‘श्रीनीज ड्रीम’ हा त्यांचा दिवंगत साथीदार, मँडोलिनवादक यू. श्रीनिवास याच्या आठवणीचा आहे. मित्राचं नाव विसरायचं नाही, ते थेट तुकड्याच्या कपाळावर लिहायचं!

ॲज वुइ स्पीक (२०२३). झाकीर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया, बँजोवर बेला फ्लेक आणि माणसापेक्षा उंच असलेल्या डबल बेसवर एडगर मायर. चौघंच, पण गर्दी वाटते. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा ‘धिस मोमेंट’ला एक आणि या अल्बमला दोन असे तीन पुरस्कार झाकीरभाईंच्या हाती एकाच दिवशी आले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले. पुरस्कार मिळालेला ‘पश्तो’ हा तुकडा ऐकताना तबला कधी मागे राहून साथ देतो आणि कधी पुढे येऊन बोलतो, याकडे लक्ष द्या. मोठा वादक ओळखायचा असेल, तर तो दुसऱ्याला जागा कशी करून देतो ते बघावं.

एक वही करा

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ नावाचा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, सॉनी रोलिन्ससारखा जगातला पहिल्या प्रतीचा सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. तुमच्यापैकी कोणी तिथे गेला असाल, तर आज रात्री मुलांना त्याची गोष्ट सांगा. तो महोत्सव आता होत नाही आणि रंगभवनातल्या मैफलीही शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबल्या. आता त्या रात्री तुमच्या आठवणीतच आहेत, आणि सांगितल्या नाहीत तर तिथेच राहतील.

आणि दोस्तहो, तुमचं काम? एक दोनशेपानी वही घ्या. डाव्या पानावर अल्बमचं नाव आणि साल. उजव्या पानावर प्रत्येक वाद्य आणि ते वाजवणाऱ्याचं नाव. मोबाइलवर गाणं लावलं की एक चित्र आणि एक-दोन मोठी नावं दिसतात. बाकीची नावं पुन्हा एकदा लपलेली असतात. जिथे ‘क्रेडिट्स’ असं लिहिलेलं सापडेल तिथे बोट लावा, नाही सापडलं तर मोठ्यांच्या मदतीनं शोधा. शोधूनही सापडलं नाही, तर त्या वाद्यापुढची जागा रिकामी सोडा, पण रेघ मारून ठेवा. म्हणजे इथे कोणीतरी होतं, एवढं तरी कळेल.

आणखी एक. बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मालाडचं ऑर्लेम, अंधेरीचं मरोळ अशा ठिकाणी गोव्याची आणि ईस्ट इंडियन कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. लग्नाच्या बँडमध्ये, हॉटेलात किंवा सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवलेले एखादे आजोबा तुमच्या मित्राच्या घरीच असतील. त्यांना विचारा, ‘अंकल, तुम्ही कोणकोणत्या गाण्यांत वाजवलंत?’ घाई करू नका. ते आधी म्हणतील, ‘जाऊ दे रे, जुन्या गोष्टी.’ तुम्ही बसून राहा. थोड्या वेळानं ते उठतील, कपाटावरची पेटी खाली काढतील, फडक्यानं ट्रंपेट पुसतील.

तेव्हा वही उघडा आणि पहिल्यांदा त्यांचं नाव लिहा. पूर्ण नाव, बरं का!